बऱ्या झालेल्या आजारजन्य अस्थिभंगाच्या पूर्वेतिहासाचे कोडिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील रुग्णालयांच्या आणि दवाखान्यांच्या नोंदी आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या वर्गीकरणानुसार कोड केल्या जातात, म्हणजे निदानाला अक्षर-अंकांचा ठरावीक कोड दिला जातो. त्यात आजारामुळे मोडलेले हाड जुळून आल्यानंतर कोणता कोड लावावा, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. हाड जुळते, पण ज्या आजारामुळे ते मोडले तो बहुतेक वेळा तसाच राहतो. या दोन गोष्टी नोंदीत वेगळ्या वाचता आल्या की पुढची बरीचशी उत्तरे सोपी होतात. येथील प्रश्न नव्या कोडरांकडून (नोंदींना कोड लावणाऱ्यांकडून) आणि ऑडिटच्या वेळी वारंवार येणारे आहेत.

या पूर्वेतिहासासाठी नेमके कोणते कोड आहेत?

आघाताविना झालेल्या आणि आता बऱ्या झालेल्या अस्थिभंगाचा वैयक्तिक पूर्वेतिहास झेड८७.३१ या उपवर्गात येतो. हा उपवर्ग स्वतः कोड म्हणून पाठवता येत नाही, त्याखालचा सहा अक्षरांचा कोड निवडावा लागतो. ऑस्टिओपोरोसिसमुळे, म्हणजे हाडांच्या ठिसूळपणामुळे झालेल्या फ्रॅक्चरसाठी झेड८७.३१० आहे. इतर कोणत्याही आजारामुळे झालेल्या पॅथॉलॉजिकल फ्रॅक्चरसाठी झेड८७.३११ आहे, तर हाडावर पुन्हा पुन्हा ताण पडून झालेल्या स्ट्रेस फ्रॅक्चरसाठी झेड८७.३१२ आहे. अपघाताने किंवा मोठ्या आघाताने मोडून बऱ्या झालेल्या हाडाचा पूर्वेतिहास या गटात येत नाही, त्यासाठी झेड८७.८१ हा स्वतंत्र कोड आहे.

डॉक्टरांनी ‘फ्रॅजिलिटी फ्रॅक्चरचा पूर्वेतिहास’ (किरकोळ कारणाने मोडलेले ठिसूळ हाड) असे लिहिले असेल, तर तेही झेड८७.३१० मध्येच जाते. ऑस्टिओपोरोसिसमुळे दबलेल्या मणक्याचा पूर्वेतिहासही तेथेच जातो. मणका दबल्याचे कारण कोठेच दिलेले नसेल, तर मात्र झेड८७.३११ लागतो. या शेवटच्या फरकाकडे दुर्लक्ष होते आणि मणक्याचा प्रत्येक जुना दाब सरसकट ऑस्टिओपोरोसिसच्या खात्यात टाकला जातो.

जुन्या आयसीडी-९-सीएममध्ये हे कसे होते?

तेथे सगळ्या पॅथॉलॉजिकल फ्रॅक्चरच्या पूर्वेतिहासासाठी व्ही१३.५१ हा एकच कोड होता. स्ट्रेस फ्रॅक्चरसाठी व्ही१३.५२ आणि आघातजन्य फ्रॅक्चरसाठी व्ही१५.५१ वापरला जाई. १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम लागू झाले आणि ऑस्टिओपोरोसिसचे फ्रॅक्चर बाकीच्यांपासून वेगळे काढले गेले. त्यामुळे जुना कोड नव्यात बदलताना जुन्या-नव्या कोडच्या जोड्यांच्या तक्त्यावर विसंबू नये, मूळ नोंदीत कारण शोधावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये स्नायू, हाडे आणि संयोजी ऊतींच्या सर्व आजारांच्या पूर्वेतिहासासाठी झेड८७.३ एवढाच कोड आहे. येथे चर्चिलेले बारकावे अमेरिकी आवृत्तीचेच आहेत.

फ्रॅक्चर ‘चालू’ कधीपर्यंत मानायचे आणि ‘पूर्वेतिहास’ कधीपासून?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण येथे चूक झाली की पुढचे सगळेच चुकते. चालू फ्रॅक्चरच्या कोडला सातवे अक्षर लागते. सक्रिय उपचार सुरू असेपर्यंत, म्हणजे तातडीच्या विभागातील उपचार, शस्त्रक्रिया, त्याच किंवा दुसऱ्या डॉक्टरांकडून होणारे मूल्यमापन आणि सलग उपचार, या काळात ‘ए’ लागते. सक्रिय उपचार संपून हाड जुळण्याच्या मार्गावर असेल आणि रुग्ण प्लास्टर बदलण्यासाठी, जुळणी पाहण्याच्या एक्स-रेसाठी किंवा औषधाची मात्रा ठरवण्यासाठी येत असेल, तर ‘डी’ लागते. जुळणी लांबली तर ‘जी’, हाड जुळलेच नाही तर ‘के’, वेडेवाकडे जुळले तर ‘पी’ आणि मागे राहिलेल्या परिणामासाठी ‘एस’. ‘ए’ म्हणजे डॉक्टरांची पहिली भेट असा समज आजही आढळतो. या अक्षराचा संबंध भेटीच्या क्रमांकाशी नसून उपचाराच्या स्वरूपाशी आहे.

पूर्वेतिहासाचा कोड या सगळ्याच्या पलीकडे सुरू होतो. आयसीडी-१०-सीएमच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांनुसार पूर्वेतिहासाचे कोड अशा भूतकालीन स्थितीसाठी असतात, जी आता अस्तित्वात नाही आणि जिच्यावर कोणताही उपचार सुरू नाही, पण जी पुन्हा उद्भवण्याची शक्यता असल्याने लक्ष ठेवावे लागू शकते. म्हणजे फ्रॅक्चर जुळलेले असले पाहिजे आणि त्या फ्रॅक्चरसाठीची काळजी संपलेली असली पाहिजे. त्यामागच्या आजाराचा उपचार मात्र खुशाल सुरू असू शकतो. ऑस्टिओपोरोसिसचे औषध चालू आहे म्हणून फ्रॅक्चर ‘चालू’ ठरत नाही.

किती दिवसांनी किंवा महिन्यांनी ‘पूर्वेतिहास’ लावायचा, असा काही नियम आहे का?

नाही. ९० दिवस, सहा महिने किंवा एक वर्ष अशी कोणतीही मुदत मार्गदर्शक सूचनांत दिलेली नाही. काही कार्यालये सोयीसाठी अशी मुदत आखून घेतात, पण ती त्यांची अंतर्गत सवय असते. कर्करोगाने पोखरलेले हाड वर्ष उलटूनही जुळलेले नसू शकते, तर मनगटाचे फ्रॅक्चर काही महिन्यांतच निकाली निघालेले असू शकते. निर्णय कॅलेंडरवरून होत नाही, नोंदीवरून होतो. नोंदीत ‘जुळले’, ‘बरे झाले’, ‘जुने’, ‘पूर्वी झालेले’ असे काही आढळते का आणि त्याच भेटीत त्या हाडासाठी काही केले जाते आहे का, हे पाहावे.

ऑस्टिओपोरोसिस आहे आणि पूर्वी फ्रॅक्चर झाले होते. एम८० लावायचा की एम८१?

सध्या कोणतेही ऑस्टिओपोरोटिक फ्रॅक्चर नसेल तर एम८१ (चालू फ्रॅक्चर नसलेला ऑस्टिओपोरोसिस) लावायचा, मग पूर्वी कितीही फ्रॅक्चर झालेली असोत. एम८० फक्त ऑस्टिओपोरोसिसमुळे झालेल्या चालू फ्रॅक्चरसाठी आहे. पूर्वीचे फ्रॅक्चर दाखवण्यासाठी एम८१ नंतर झेड८७.३१० जोडावा, असे मार्गदर्शक सूचना स्पष्टपणे सांगतात. एम८१ खालची टीपही तेच सुचवते.

एक साधे उदाहरण घेऊ. ७२ वर्षांची रुग्ण वार्षिक भेटीसाठी आली आहे. वयोमानामुळे झालेला ऑस्टिओपोरोसिस आहे, आठवड्यातून एकदा ॲलेन्ड्रोनेट (बिस्फॉस्फोनेट गटातील हाडांचे औषध) सुरू आहे. सहा वर्षांपूर्वी मनगटाचे फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर झाले होते, ते बरे झाले आहे. येथे एम८१.०, त्यानंतर झेड८७.३१० आणि बिस्फॉस्फोनेटच्या दीर्घकालीन वापरासाठी झेड७९.८३ असे कोड येतील. एम८०.०३ पासून सुरू होणारा कोड येणार नाही, कारण मनगट आता मोडलेले नाही. झेड७९.८३ हा कोड बिस्फॉस्फोनेट गटासाठीच आहे, ऑस्टिओपोरोसिसच्या प्रत्येक औषधासाठी नव्हे, एवढे लक्षात असू द्यावे.

एम८० आणि एम८१ एकाच भेटीत एकत्र येऊ शकत नाहीत, कारण एम८१ खाली ‘एक्सक्लूड्स१’ ही टीप आहे. मात्र एम८० खाली झेड८७.३१० साठी ‘एक्सक्लूड्स२’ टीप आहे, म्हणजे हे दोघे एकत्र येऊ शकतात. रुग्णाच्या मणक्याला आज नवे फ्रॅक्चर झाले असेल आणि पाच वर्षांपूर्वीचे मनगटाचे जुळलेले असेल, तर एम८०.०८एक्सए आणि झेड८७.३१० हे दोन्ही कोड योग्य ठरतात. ही जोडी ऑडिटमध्ये कधी कधी चुकून खोडली जाते. तेव्हा टीप दाखवून ती परत मागावी.

डॉक्टरांनी ‘एच/ओ ऑस्टिओपोरोसिस’ (‘एच/ओ’ म्हणजे ‘हिस्टरी ऑफ’) असे लिहिले आहे. मग पूर्वेतिहासाचा कोड द्यायचा का?

येथे दोन भाषा एकमेकींवर आदळतात. डॉक्टरांच्या बोलीत ‘एच/ओ’ म्हणजे बहुधा ‘या रुग्णाला हा आजार आहे, तो आधीपासून आहे’ असे असते. कोडिंगच्या भाषेत ‘पूर्वेतिहास’ म्हणजे ‘होता, आता नाही’. त्याच नोंदीत ऑस्टिओपोरोसिसचे औषध सुरू असेल, हाडांच्या घनतेची तपासणी सांगितली असेल किंवा मूल्यमापनात आजाराचा उल्लेख असेल, तर आजार चालू असल्याचे दिसते. तरीही डॉक्टरांना एक ओळ विचारून घेणे सुरक्षित. घनतेची तपासणी सुधारली, टी-स्कोअर, म्हणजे त्या तपासणीतला घनतेचा आकडा, उणे २.५ च्या वर आला, म्हणून निदान आपोआप संपते असेही नाही. ऑस्टिओपोरोसिसचे निदान एकदा झाले की उपचाराने आकडा सुधारला तरी ते कायम राहते, अशी वैद्यकीय भूमिका आहे. पण हे ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे, आकडा पाहून निदान काढणे किंवा घालणे कोडरचे काम नाही.

फ्रॅक्चरच्या बाबतीत उलट घडते. ‘एच/ओ कमरेच्या मणक्याचे कॉम्प्रेशन फ्रॅक्चर’ (म्हणजे दबलेला मणका) ही ओळ समस्यांच्या यादीत वर्षानुवर्षे पुढे पुढे चिकटत राहते आणि कोणीतरी एके दिवशी तिच्यावर ‘ए’ अक्षराचा कोड लावून मोकळे होते. यादीत नाव आहे एवढ्याने ती स्थिती चालू ठरत नाही.

रुग्ण न्हाणीघरात घसरून पडला आणि हाड मोडले होते. हे आघातजन्य की आजारजन्य?

चालू फ्रॅक्चरसाठी मार्गदर्शक सूचनांत उत्तर आहे. ऑस्टिओपोरोसिस असल्याचे माहीत असलेल्या रुग्णाचे हाड अशा किरकोळ पडण्याने मोडले असेल, ज्याने निरोगी हाड सहसा मोडत नाही, तर आघाताचा कोड न देता एम८० द्यावा. हेच तर्कशास्त्र पूर्वेतिहासालाही लागू पडते. त्या वेळी जे फ्रॅक्चर ऑस्टिओपोरोटिक होते, त्याचा पूर्वेतिहास झेड८७.३१० होतो. जे आघातजन्य होते, त्याचा झेड८७.८१.

अडचण अशी की बहुतेक चार्टमध्ये फक्त ‘२०१८ मध्ये पडून मनगट मोडले’ एवढेच असते आणि ऑस्टिओपोरोसिसचे निदान दोन वर्षांनंतरचे असते. पडणे किरकोळ होते की मोठे, त्या वेळी हाड ठिसूळ होते की नाही, हे त्या ओळीतून कळत नाही. येथे मनाने जोड लावणे टाळावे आणि डॉक्टरांना प्रश्न पाठवावा. प्रश्न उत्तर सुचवणारा नसावा. ‘हे ऑस्टिओपोरोटिक फ्रॅक्चर होते, हे कृपया नोंदवा’ असे न लिहिता, ‘२०१८ मधील मनगटाच्या फ्रॅक्चरचे कारण आपल्या वैद्यकीय मतानुसार स्पष्ट करावे: आघातजन्य, ऑस्टिओपोरोसिसशी संबंधित, अन्य, किंवा ठरवता येत नाही’ असे विचारावे. रुग्ण आता फक्त रक्तदाबासाठी आलेला असेल आणि जुन्या मनगटाचा त्या भेटीशी काही संबंध नसेल, तर एवढा खटाटोप करायचा का, हे मात्र सारासार विचाराने ठरवावे.

एक्स-रेच्या अहवालात ‘एल१ मणक्याचा जुना, बरा झालेला दाब’ असे आले आहे. कोड करायचे का?

दाखल रुग्णाच्या बाबतीत, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्या निष्कर्षाचे वैद्यकीय महत्त्व नोंदवल्याशिवाय केवळ अहवालावरून कोड देऊ नये. बाह्यरुग्ण तपासणीत रेडिओलॉजिस्टने अहवालाचा अर्थ लावून तो अंतिम केलेला असेल, तर त्या भेटीपुरता तो निष्कर्ष विचारात घेता येतो. पण अहवालात दाबाचे कारण क्वचितच असते. कारण नसताना झेड८७.३१० ची घाई करू नये. ‘जुनाट’ आणि ‘बरे झालेले’ हे शब्द समानार्थी नाहीत, हेही येथे सांगायला हवे. जुनाट दाबाने दुखणे सुरू असेल आणि त्यावर उपचार चालले असतील, तर तो पूर्वेतिहास नव्हे.

कर्करोगामुळे मोडलेल्या हाडाचे काय?

चालू असताना ते एम८४.५ मध्ये येते आणि मूळ कर्करोगाचा कोडही द्यावा लागतो. भेटीचा रोख फ्रॅक्चरवर असेल तर एम८४.५ आधी, कर्करोगावर असेल तर कर्करोग आधी. हाड जुळल्यानंतर पूर्वेतिहास झेड८७.३११ होतो, पण कर्करोग संपला असे त्यातून निघत नाही. स्तनाचा कर्करोग हाडांत पसरलेला आहे, मांडीचे हाड मोडून रॉड घातला होता, ते जुळले आहे आणि रुग्ण आता केमोथेरपीसाठी आली आहे, असे समजा. केमोथेरपीच्या भेटीचा झेड५१.११ पहिला, मग स्तनाच्या कर्करोगाचा सी५० मधील योग्य कोड, हाडातील प्रसारासाठी सी७९.५१ आणि शेवटी झेड८७.३११. मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग) ‘रेमिशन’मध्ये, म्हणजे ओसरलेल्या अवस्थेत असल्याचे डॉक्टरांनी लिहिले असेल तर सी९०.०१ राहतो. ‘रेमिशनमध्ये आहे’ म्हणजे ‘पूर्वी होता’ असे समजून झेड८५ मधील, म्हणजे कर्करोगाच्या पूर्वेतिहासाचा, कोड लावणे चूक आहे.

एक गोष्ट सहज निसटते. हाड मोडण्याची भीती होती म्हणून आधीच रॉड घातला असेल आणि ते कधी मोडलेच नसेल, तर फ्रॅक्चरचा पूर्वेतिहास नाहीच. शस्त्रक्रियेच्या नोंदीत ‘प्रतिबंधक’ हा शब्द आहे का, ते पाहावे.

ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा (जन्मजात ठिसूळ हाडे) किंवा पॅजेटच्या आजारात (हाडाची सदोष पुनर्घडण)?

चालू फ्रॅक्चर एम८४.६ मध्ये, बरे झालेले झेड८७.३११ मध्ये. आजाराचा स्वतःचा कोड, म्हणजे क्यू७८.० किंवा एम८८ मधील योग्य कोड, रुग्णासोबत कायम राहतो.

स्ट्रेस फ्रॅक्चर या गटात का घातले आहे? ते तर आजाराने होत नाही.

बरोबर आहे, ते बहुधा निरोगी हाडावर वारंवार ताण आल्याने होते. धावपटूंच्या पायाच्या हाडांत ते नेहमी दिसते. पण गटाचे नाव ‘आघाताविना झालेले’ असे आहे, ‘आजारजन्य’ असे नाही, म्हणून त्याला येथे जागा मिळाली. झेड८७.३१२ हा थकव्याने झालेल्या, म्हणजे फटीग फ्रॅक्चरलाही लागू आहे.

फ्रॅक्चर जुळले, पण पाठीला बाक आला. हा पूर्वेतिहास की मागे राहिलेला परिणाम?

डॉक्टरांनी बाकाचा संबंध त्या फ्रॅक्चरशी जोडला असेल, तर हा मागे राहिलेला परिणाम आहे. आधी परिणामाचा कोड, म्हणजे येथे एम४०.१ मधील योग्य कोड, आणि त्यानंतर फ्रॅक्चरचा कोड ‘एस’ अक्षरासह, उदाहरणार्थ एम८०.०८एक्सएस. त्याच मणक्यासाठी वर पुन्हा झेड८७.३१० लावू नये. एकच फ्रॅक्चर एका वेळी परिणाम मागे ठेवून गेलेले आणि पूर्ण मिटलेले असे दोन्ही असू शकत नाही. एम८० आल्यामुळे एम८१ सुद्धा आपोआप बाद होतो, कारण ऑस्टिओपोरोसिस त्या कोडच्या नावातच आहे.

मनगट वेडेवाकडे जुळले आणि त्यासाठी रुग्ण अजून उपचार घेत आहे, तर ‘पी’ अक्षर लागते, ‘एस’ नव्हे. पूर्वेतिहास तर नाहीच.

खुब्याचे फ्रॅक्चर होऊन सांधा बदलला आहे. नंतरच्या भेटींत काय?

जुळणीच्या आणि पुनर्वसनाच्या काळात फ्रॅक्चरचाच कोड ‘डी’ अक्षरासह चालतो. नंतरच्या काळजीचे झेड वर्गातील कोड फ्रॅक्चरसाठी वापरू नयेत, हा नियम येथे अडवतो. ती काळजी संपल्यावर कृत्रिम सांध्यासाठी झेड९६.६४ मधील बाजूनुसार कोड आणि सोबत झेड८७.३१० येतो. आतला प्लेट-स्क्रू काढण्यासाठी रुग्ण परत आला आणि हाड जुळलेले असेल, तर झेड४७.२ पहिला येतो. बाहेरून लावलेली चौकट काढायची असेल, तर तेथे फ्रॅक्चरचाच कोड ‘डी’ सह द्यावा.

पूर्वेतिहासाचा कोड पहिला म्हणून लावता येतो का?

व्यवहारात तो दुय्यम कोड म्हणूनच येतो. उपचार पूर्ण झाल्यावर केवळ तपासून पाहण्यासाठी भेट असेल आणि सर्व ठीक आढळले, तर झेड०९ पहिला आणि पूर्वेतिहास त्यानंतर. तपासणीत फ्रॅक्चर पुन्हा झाल्याचे किंवा हाड न जुळल्याचे दिसले, तर झेड०९ सोडून त्या स्थितीचा कोड द्यावा.

दाखल रुग्णासाठी ‘भरतीच्या वेळी होते का’ ही खूण लागते का?

नाही. ती खूण निदान भरतीच्या वेळीच होते की नंतर झाले हे दाखवते, आणि झेड८७ मधील हे कोड तिच्यातून वगळलेले आहेत.

प्रत्येक भेटीत हा कोड द्यायलाच हवा का?

भेटीचे कारण काहीही असले तरी पूर्वेतिहासाचे कोड नोंदीत स्वीकारार्ह आहेत. बाह्यरुग्ण सूचना मात्र त्यांचा उपयोग सध्याच्या काळजीवर किंवा उपचारावर परिणाम होत असेल तेव्हा सांगतात. ऑस्टिओपोरोसिसचा उल्लेख असलेल्या भेटीत झेड८७.३१० देण्यासारखाच असतो, कारण एकदा ठिसूळ हाड मोडलेल्या रुग्णाला पुन्हा मोडण्याचा धोका अधिक असतो आणि औषध निवडताना डॉक्टर तेच पाहतात. पडशासाठी आलेल्या रुग्णाच्या नोंदीत, वीस वर्षांपूर्वीच्या बरगडीसाठी तो शोधत बसण्याची गरज नाही.

जुने फ्रॅक्चर चालू म्हणून कोड झाले, तर बिघडते काय?

बरेच बिघडते. मेडिकेअर ॲडव्हांटेज या अमेरिकी आरोग्यविमा योजनेत रुग्णाच्या आजारांवरून पैसे ठरवणारी जोखीम-गणना असते. तीत ताज्या फ्रॅक्चरच्या काही कोडना वजन आहे, पूर्वेतिहासाच्या या कोडना नाही. त्यामुळे ‘ए’ अक्षर चुकून लागले की न केलेल्या उपचाराचे पैसे मागितल्यासारखे दिसते आणि ऑडिटमध्ये ते परत करावे लागू शकतात. त्याशिवाय, फ्रॅक्चरनंतर ठरावीक मुदतीत हाडांची तपासणी किंवा औषध सुरू झाले का, हे मोजणारे गुणवत्तेचे निकष असतात. जुने मनगट ताजे ठरले की रुग्ण विनाकारण त्या यादीत जाते आणि डॉक्टरांच्या नावावर अपयश चढते. उलट चूकही तितकीच महाग आहे. अजून न जुळलेल्या हाडावर पूर्वेतिहास लावला, तर चालू असलेल्या उपचाराला नोंदीत आधारच उरत नाही.

कोडसंच दरवर्षी १ ऑक्टोबरला बदलतो, काही बदल १ एप्रिललाही येतात. त्यामुळे भेटीच्या तारखेला लागू असलेली सारणी आणि सूचना उघडूनच कोड पक्का करावा.